तिला शेवटी घरीच पाठवणार आहात ना, मग आम्हाला खोलीबाहेर का ठेवता?

किशोरवयीन मुलांच्या ईटिंग डिसऑर्डरवर उपचार करणाऱ्या सगळ्या डॉक्टर, काउन्सेलर, डाएटिशियन आणि वॉर्डमधल्या नर्सिंग स्टाफला,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात एका आईने मला एका कागदाचा फोटो पाठवला. तिची मुलगी पंधरा वर्षांची, अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडत नेणारा आजार, नुकतीच अ‍ॅडमिट झालेली. कागद त्या केंद्राचा, पालकांसाठीच्या नियमांचा. त्यात लिहिलंय की जेवणाच्या वेळी पालकांनी वॉर्डात थांबायचं नाही, थेरपीच्या सेशनला पालकांना घेतलं जाणार नाही, आणि मुलीच्या तब्येतीबद्दल पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं बोलता येईल. सगळ्यात खाली एक ओळ, मुलीला स्वतःच्या आजाराची जबाबदारी स्वतः घेऊ द्या. त्या आईने फोटोखाली एवढंच टाइप केलं होतं, दादा मी बाहेर बाकावर बसलीये, काय करू.

दोन वर्षांपूर्वी असाच एक कागद माझ्या हातात होता. मी त्यावर सही केली आणि गप्प बसलो, कारण मुलगी आत होती आणि डॉक्टरांना दुखवायची भीती वाटत होती. आज गप्प बसवत नाही म्हणून हे पत्र लिहितोय, आणि उघड लिहितोय, कारण हा नियम एकाच केंद्राचा नाहीये. गेल्या दोन वर्षांत जेवढ्या पालकांशी बोललो त्यातल्या बऱ्याच जणांनी हेच सांगितलं. केंद्राचं नाव घेणार नाही, ना माझ्या, ना त्या आईच्या. आणि मुलीच्या वजनाचा आकडाही कुठे लिहिणार नाही, कारण हे वाचणाऱ्यात एखादं आजारी लेकरू असेल तर ते लगेच त्या आकड्याशी स्वतःची तुलना करायला बसेल, हे मी घरात पाहिलंय.

माझी मुलगी तेव्हा चौदाची होती. सुरुवात अशीच, आधी मला हेल्दी खायचंय, मग एकेक गोष्ट बंद, मग आम्हाला सगळ्यांना स्वतः करून वाढायची आणि आपण मात्र मी आधीच खाल्लं म्हणायची, गरमीतही स्वेटर, हात गारठलेले, डोक्यावरचे केस गळतायत आणि दंडावर मात्र बारीक लव आलेली, रात्री खोलीतून येरझाऱ्यांचा आवाज. सुरुवातीला आम्ही कौतुक केलं तिचं. हे लिहिताना अजून घसा दाटतो. पाळी बंद झाली म्हणून डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी नाडी पाहिली आणि त्याच दिवशी अ‍ॅडमिट करायला लावलं. तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता. दिवसा नाडी पन्नासच्या खाली गेली की मूल घरी ठेवायचं नसतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, तुमच्यासारख्या लोकांना माहीत होतं म्हणून माझी मुलगी आज आहे. ते उपकार मी विसरलेलो नाही, हे पत्र वाचताना तेवढं लक्षात ठेवा.

पण त्यानंतरचे पाच महिने आम्ही दोघं दाराबाहेर होतो, आणि त्याबद्दल मला बोलायचंय.

पहिली गोष्ट, तो फॉर्म. पहिल्याच दिवशी बायकोच्या हातात चार पानी फॉर्म दिला. आई डाएट करते का, आईचा स्वभाव वरचढ आहे का, घरात भांडणं होतात का, मुलीवर अभ्यासाचा दबाव आहे का, आई मुलीच्या फार जवळ आहे का. यातला एकही प्रश्न असा नव्हता की तुम्ही आजवर काय काय करून पाहिलंत, कशाने ती दोन घास जास्त खाते, कोण जवळ बसलं की तिला बरं वाटतं. चार पानं भरून झाल्यावर बायको म्हणाली, म्हणजे मीच केलं का हे. त्या रात्री ती स्वतः जेवली नाही. बापाबद्दल त्या फॉर्ममध्ये दोनच प्रश्न होते, नोकरी काय आणि दारू पिता का. म्हणजे दोष द्यायचा तर आईला, आणि मदतीला कुणालाच बोलवायचं नाही, मला तर तुम्ही हिशेबातच धरलं नव्हतं.

नंतर मी वाचत गेलो तेव्हा कळलं की हे फार जुनं दुखणं आहे. विल्यम गल या इंग्लिश डॉक्टरने १८७४ साली या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिलं, आणि त्याच लेखात लिहून ठेवलं की अशा पेशंटची देखभाल करायला नातेवाईक आणि मित्र हे सहसा सगळ्यात वाईट. फ्रान्समध्ये शार्को हे त्या काळचे मोठे डॉक्टर तर म्हणायचे की मुलीला आईबापापासून तोडल्याशिवाय उपचार सुरूच होत नाही. पुढे १९७८ मध्ये साल्वादोर मिनुचिन या फॅमिली थेरपिस्टने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरच्यांना निदान उपचाराच्या खोलीत तरी आणलं, पण थिअरी अशी मांडली की ठराविक प्रकारच्या घरातच हा आजार रुजतो, एकमेकांत फार गुंतलेली, भांडण टाळणारी घरं वगैरे. असं एक ठरलेलं घर पुढच्या संशोधनात सापडलं नाही. २०१० मध्ये अकॅडमी फॉर ईटिंग डिसऑर्डर्स या तज्ञांच्याच आंतरराष्ट्रीय संघटनेने स्पष्ट भूमिका छापली की कुटुंब हे या आजाराचं एकमेव किंवा मुख्य कारण आहे असं मानणारं कुठलंही मॉडेल त्यांना मान्य नाही, आणि लहान पेशंटच्या उपचारात घरच्यांना घ्यायलाच हवं. जुळ्यांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास येतो. २०१९ मध्ये जवळपास सतरा हजार पेशंटच्या जनुकांचा अभ्यास आला, त्यात जनुकांच्या नकाशावर या आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या आणि मानसिक आजारांसोबत चयापचयाशीही संबंध दिसला. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग तो फॉर्म अजून का बदलला नाही?

दुसरी गोष्ट, गोपनीयता. यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण इथे आम्ही आमची मुलगी जवळजवळ गमावली होती. डिस्चार्जनंतर दर गुरुवारी ओपीडीत तिचं वजन व्हायचं, आणि काट्यावर ते हळूहळू वाढत होतं. घरी मात्र आम्हाला दिसत होतं की ताट तसंच परत जातंय. धाकट्याने, दहा वर्षांच्या पोराने, येऊन सांगितलं की ताई गुरुवारी सकाळी बाथरूममध्ये बाटल्याच्या बाटल्या पाणी पिते. तिच्या जॅकेटच्या अस्तरात मला नाणी सापडली, शिवून ठेवलेली. मी केंद्रात फोन केला. एकदा नाही, तीनदा. उत्तर तेच, पेशंटबद्दल आम्ही पालकांशी बोलू शकत नाही, तिचा आमच्यावरचा विश्वास जाईल. मी म्हटलं मला काही सांगू नका, फक्त मी सांगतोय ते लिहून घ्या. तेही झालं नाही. पाचव्या आठवड्यात ती शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. पुन्हा अ‍ॅडमिट. रक्तात सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही कमी.

मुलीने सेशनमध्ये सांगितलेली मनातली गोष्ट तुम्ही आम्हाला सांगू नका, अगदी बरोबर आहे, तिलाही एक जागा हवी जिथे आईबाप नाहीत. पण आईबाप जे डोळ्यांनी बघतायत ते ऐकून घेण्याने कुठली गोपनीयता मोडते? आम्ही दिवसाचे चोवीस तास तिच्याजवळ होतो आणि आमच्याकडची माहिती घ्यायला कुणी तयार नव्हतं. वजन करताना आधी लघवी करून यायला सांगायचं, हॉस्पिटलचा गाऊन घालायला लावायचा, लघवी फार पातळ आहे का तपासायचं, एवढं केलं असतं तरी पाण्याचं आणि नाण्यांचं वजन पहिल्याच गुरुवारी पकडलं गेलं असतं.

तिसरी गोष्ट, तिला आतून वाटलं पाहिजे हे वाक्य. हे आम्ही किती वेळा ऐकलं त्याला मोजदाद नाही. तिची इच्छा झाली की ती खाईल, तोवर जबरदस्ती करू नका, जेवणाचा विषयही काढू नका. आता विचार करा, या आजाराचं लक्षणच हे आहे की आपण आजारी आहोत हे पेशंटला पटत नाही. आरशात तिला वेगळंच दिसतं. आणि उपाशी मेंदूकडून तुम्ही इच्छेची अपेक्षा करताय. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं, युद्धानंतर उपाशी माणसांना पुन्हा जेवतं कसं करायचं ते कळावं म्हणून. त्या तरुणांना आधी कुठलाही आजार नव्हता, आणि तरी सहा महिन्यांत ते दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागले, रेसिपीची पुस्तकं जमवायला लागले, ताटातला घास तासभर चिवडायला लागले, चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, काही जण खोल नैराश्यात गेले. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी बायकोला उठवलं, म्हटलं हे बघ, हे आपल्या घरातलं वर्णन आहे. उपासमार आधी मेंदूला पकडते, मग इच्छा कुठून येणार? अन्न आधी, मन त्यानंतर. तिला वाटेपर्यंत वाट बघा असं सांगून आमचे जे महिने गेले ते चौदा वर्षांच्या मुलीच्या हाडांचे आणि उंचीचे महिने होते, ते परत मिळणार नाहीयेत.

हा आजार साधा नाही हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मानसिक आजारांमध्ये मृत्यूचं प्रमाण सगळ्यात जास्त असणाऱ्यांत अ‍ॅनोरेक्सिया आहे, आणि त्यातले काही मृत्यू हृदय बंद पडून होतात तर काही आत्महत्येने. वाट बघणं हा पर्याय सुरक्षित नसतो.

चौथी गोष्ट मोठी आहे खरं तर, पण सांगायला थोडक्यात आहे. डिस्चार्जच्या दिवशी आमच्या हातात एक डाएट चार्ट दिला आणि सांगितलं घरी हे द्या. कसं द्यायचं ते नाही सांगितलं. ताट समोर ठेवल्यावर ती किंचाळली तर काय करायचं, ताट भिरकावलं तर काय, तीन तास नुसती बसून राहिली तर काय, जेवून लगेच बाथरूमला गेली तर काय, आम्ही उठायचं की बसायचं, बोलायचं की गप्प राहायचं. काहीच नाही. तुमच्या वॉर्डात हेच काम ट्रेनिंग घेतलेल्या सिस्टर आळीपाळीने करत होत्या. आम्ही दोघं, झोप नाही, नोकरी चालू, धाकटा रडतोय, आणि हातात एक चार्ट. तीन वेळची जेवणं आणि मधली तीन खाणी धरली तर दिवसाला सहा, आठवड्याला बेचाळीस वेळा आम्ही त्या ताटाशी बसत होतो, आणि तुमची थेरपी आठवड्यातून एक तास. त्या बेचाळीस वेळांचं आम्हाला कुणीच काही शिकवलं नव्हतं.

आता शिकवलं कुणी ते सांगतो. दुसऱ्यांदा घरी आल्यावर ओळखीतून एका वेगळ्या थेरपिस्टकडे गेलो. त्यांनी फोनवरच सांगितलं की सगळे या, धाकट्यालाही आणा. पहिल्या सेशनमध्ये त्यांनी माझ्या बायकोकडे बघून सांगितलं, हे का झालं ते मला माहीत नाही आणि आत्ता ते शोधत बसायची गरज नाही, तुम्ही हे केलेलं नाही, पण यातून तिला बाहेर काढायला तुमच्याइतकं जवळचं माणूस नाहीये. माझी बायको पाच महिन्यांत पहिल्यांदा एखाद्या डॉक्टरसमोर सरळ बसली. दुसऱ्या सेशनला सांगितलं घरून जेवण घेऊन या, इथे माझ्यासमोर जेवा. आम्ही नेलं. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली. थेरपिस्टने आम्हा दोघांना तिच्या दोन्ही बाजूंना बसवलं आणि म्हणाल्या, आज फक्त एवढंच, तिने ठरवलंय त्यापेक्षा एक घास जास्त. भाषण नाही, लालूच नाही, धमकी नाही, दोघांनी एकच वाक्य एकाच आवाजात बोलायचं, आम्हाला माहितीये हे किती अवघड आहे आणि आम्ही इथेच बसलोय. पन्नास मिनिटं गेली. तिने तो घास घेतला, घेताना ती थरथरत होती आणि रडत होती, आणि मला पहिल्यांदा दिसलं की ती हट्ट करत नाहीये, ती घाबरलीये.

याला फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट म्हणतात, काही जण मॉड्स्ली पद्धत म्हणतात, कारण लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये ती आकाराला आली. तिथे जेराल्ड रसेल, ख्रिस्तोफर डेअर, आयव्हन आयस्लर या लोकांनी १९८७ मध्ये ८० पेशंटचा अभ्यास छापला, सगळे वॉर्डात वजन भरून काढून घरी सोडलेले. काहींना एक वर्ष घरच्यांसोबत थेरपी दिली, काहींना एकट्याने. ज्यांचा आजार एकोणीस वर्षांच्या आत सुरू झाला होता आणि तीन वर्षांपेक्षा कमी जुना होता त्यांच्यात घरच्यांसोबतची थेरपी स्पष्ट सरस ठरली, आणि पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही तो फरक टिकून होता. पुढे जेम्स लॉक आणि डॅनियल ले ग्रांज यांनी अमेरिकेत २०१० मध्ये १२ ते १८ वयाच्या १२१ मुलामुलींवर हेच तपासलं. उपचार संपल्यावर एक वर्षाने, घरच्यांसोबत उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ४९ टक्के पूर्ण बरे होते, एकट्याने घेतलेल्यांपैकी सुमारे २३ टक्के. २०१७ पासून इंग्लंडमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अ‍ॅनोरेक्सिया असलेल्या मुलांसाठी पहिला उपचार म्हणून कुटुंबासोबतचीच थेरपी सांगितलेली आहे, साधारण वर्षभरात १८ ते २० सेशन. म्हणजे मी काही चमत्काराचा इलाज मागत नाहीये, तुमच्याच पुस्तकातली गोष्ट मागतोय.

पद्धत तीन टप्प्यांची. आधी खाण्याचा ताबा पूर्ण आईबापांकडे, काय, किती, कधी, सगळं ते ठरवणार. वजन आणि तब्येत सावरली की ताबा हळूहळू मुलीकडे परत, आधी एखादं मधलं खाणं, मग शाळेतलं जेवण, मग मैत्रिणींसोबत बाहेर. आणि शेवटी जेवणाचा विषय मागे पडून वयात येणाऱ्या मुलीचे बाकीचे प्रश्न. तुमचा आक्षेप असतो की याने मुलगी परावलंबी होईल. आमच्याकडे उलटं झालं. आजाराने तिचं सगळं स्वातंत्र्य आधीच घेतलं होतं, आम्ही काही महिने तिच्या वतीने ताबा घेतला आणि मग तिला परत दिला. धाकट्यालाही काम मिळालं, त्याने पहारा द्यायचा नाही, चहाडी करायची नाही, जेवण झालं की ताईशी पत्ते खेळायचे, बस. पाण्याच्या बाटल्यांचं ओझं त्या पोराच्या मनावर किती होतं ते तेव्हा कळलं.

आणि एक गोष्ट जी आम्हाला सगळ्यात उपयोगी पडली, आजार आणि मुलगी वेगळी करायची. ती मला तू माझा बाप नाहीस म्हणाली त्या रात्री मी स्वतःला सांगू शकलो की हे ती बोलत नाहीये. आधीच्या पाच महिन्यांत कुणी हे एक वाक्य सांगितलं असतं तर मी तिच्यावर जेवढा ओरडलो तेवढा ओरडलो नसतो.

आता तुमच्या बाजूचंही बोलतो, कारण मला खोटं चित्र उभं करायचं नाहीये. या पद्धतीने सगळी मुलं बरी होत नाहीत, वरचेच आकडे बघा, निम्मी राहतातच. ज्या घरात मुलाला मारहाण होते, अत्याचार होतो, तिथे ताबा त्या घराकडे देणं चूक आहे, तिथे दार बंदच ठेवा. ज्या घरात आईबापांची टीका थांबत नाही तिथे एकत्र बसवल्याने बिघडतं, हेही आयस्लर यांच्या २०००च्या अभ्यासात दिसलंय, अशा घरांत आईबापांना वेगळं आणि मुलाला वेगळं भेटलेलं जास्त चांगलं. मेलबर्नला २०१६ मध्ये १०७ मुलांवर झालेल्या अभ्यासात तर फक्त पालकांना भेटून शिकवलं आणि मुलाला नर्सने थोडा वेळ पाहिलं, तरी उपचार संपताना निकाल एकत्र बसवण्यापेक्षा चांगला आला. म्हणजे एकाच खोलीत बसवलंच पाहिजे असा माझा हट्ट नाही. आईबापांना शिकवा एवढाच आहे.

आणि हेही मान्य की आम्ही डॉक्टर नाही. खूप दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरवलं तर रक्तातलं फॉस्फेट खाली जातं आणि हृदयावर येऊ शकतं, म्हणून पहिले दिवस तुमच्या हाताखालीच गेले पाहिजेत. अ‍ॅडमिट करू नका असं मी म्हणतच नाही. सिडनीत २०१५ मध्ये ८२ मुलांवर अभ्यास झाला, काहींना फक्त तब्येत स्थिर होईपर्यंत ठेवलं, काहींना वजन भरेपर्यंत, आणि दोघांनाही नंतर घरच्यांसोबतची थेरपी दिली. वर्षभराने फारसा फरक नव्हता. म्हणजे पुढे घर तयार असेल तर वॉर्डातला मुक्काम लांबवायचीही गरज पडत नाही, तुमचे बेडही मोकळे होतात.

घर म्हणजे आई-बाबाच असंही नाही. आजी सांभाळत असेल, एकटी आई असेल, मोठा भाऊ असेल, रोज ताटाशी जो बसणार त्याला बोलवा. आणि मुलगेही विसरू नका. मला एक बाबा भेटले, त्यांच्या मुलाला दोन ठिकाणी सांगितलं हा मुलींचा आजार आहे. निदानासाठी पाळी बंद होण्याची अट २०१३ मध्ये डीएसएम-५ मधून, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकातून, काढली गेली, तरी लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही. आणि जी मुलं दिसायला बारीक नाहीत पण झपाट्याने वजन घटलंय, त्यांचीही नाडी तितकीच खाली जाऊ शकते, त्यांच्या आईबापांना तर तुम्ही शाबासकी देऊन परत पाठवता.

तर मागण्या अशा आहेत, आणि यातल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत.

अ‍ॅडमिट केल्यापासून पहिल्या आठवड्यात घरच्यांना बसवून आजार काय आहे ते नीट समजावा, आणि पहिलं वाक्य हे असू द्या की तुम्ही हे केलेलं नाही. तो फॉर्म बदला, आईला आरोपी करणारे प्रश्न काढा, घरात काय उपयोगी पडतं ते विचारा, आणि बापालाही विचारा.

डिस्चार्जच्या आधी निदान काही जेवणं घरच्यांना तुमच्या सिस्टरसोबत वॉर्डात बसून देऊ द्या. आमच्या चुका तिथे होऊ देत, तिथे दुरुस्त करायला तुम्ही आहात.

पालक काही सांगायला आले तर ते ऐकून फाइलमध्ये लिहिणारा एक माणूस ठेवा. काय गुप्त राहील आणि काय सांगितलं जाईल हे पहिल्याच दिवशी मुलाला आणि घरच्यांना एकत्र बसवून स्पष्ट करा. वजन वाढतंय की घटतंय आणि नाडी कशी आहे एवढं आम्हाला कळलं पाहिजे, ती मनातली गोष्ट नाहीये. वजन नीट पद्धतीने करा.

घरी सोडताना चार्टसोबत एक पान द्या की ताटाशी कसं बसायचं, कुठलं लक्षण दिसलं की त्याच रात्री घेऊन यायचं, आणि फोन कुणाला करायचा. पुढची भेट आठवड्याच्या आत ठेवा. बहीणभावंडांशी एकदा तरी कुणीतरी बोला.

तुमच्याकडे या पद्धतीचं ट्रेनिंग घेतलेलं कुणी नसेल तर तसं सांगा आणि कुणाला तरी ट्रेनिंगला पाठवा, मॅन्युअल २००१ पासून छापलेलं आहे. तोवर जिथे मिळतं तिथे पाठवा. आमच्याकडे हे नाही असं कुणी सांगितलं असतं तर मला राग आला नसता. हेच बरोबर आहे असं सांगून आम्हाला बाहेर बसवलं, त्याचा आला.

माझी मुलगी आता सोळाची आहे. पूर्ण बरी आहे असं म्हणायला मी घाबरतो, पण गेल्या महिन्यात शाळेच्या सहलीला तीन दिवस गेली, आमच्याशिवाय जेवली, आणि परत आल्यावर स्वतःहून सांगितलं की दुसऱ्या दिवशी एक जेवण अवघड गेलं होतं, मग मैत्रिणीजवळ बसले. हे पत्र टाकण्याआधी तिला वाचून दाखवलं. नाण्यांचं लिहू का विचारलं. म्हणाली लिही, आणि हेही लिही की तुम्ही दार उघडून आत आलात तेव्हा मी ओरडले पण मला बरं वाटलं होतं.

मला उत्तर नाही दिलंत तरी चालेल. बाहेर बाकावर ती आई बसलीये, आज दुपारच्या जेवणाला तिला आत बोलवा.

आपला,
एका मुलीचा बाबा